लाल काठाची सतरंजी

मित्रांनो, आधी बसून घ्या. मी एक जुनी सतरंजी आहे आणि उभ्या माणसाशी बोलायची मला सवय नाही. माझा निम्मा जन्म गुंडाळीत गेला, उरलेला लोकांच्या बुडाखाली. म्हणून मी माणसं चेहऱ्यावरून कमी आणि बसण्यावरून जास्त ओळखते. ज्याच्या पोटात काही नाही तो कसा बसतो, ज्याला उठायची घाई आहे तो कसा बसतो, हे मला न पाहता कळतं. बोलता बोलता मला डुलकी लागते आणि मागचं पुढचं एकमेकांत मिसळतं. तसं झालं तर रागावू नका, झोप हा आमचा जातिधर्मच आहे.

नांदेडला गोदावरीच्या अलीकडे विणकरांची एक गल्ली होती. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या मागावर मी जन्मले. अंग निळं, मधून पांढरे पट्टे. मी पुरी व्हायला वीतभर राहिले आणि म्हाताऱ्याचं निळं सूत संपलं. गिऱ्हाईक दारात बसून होतं. म्हाताऱ्याने हाताशी पडलेलं लाल सूत घेतलं आणि माझा एक काठ लाल करून टाकला. गिऱ्हाईक कुरकुरलं. म्हातारा म्हणाला की लाल आहे म्हणून बसणाऱ्याला काही टोचणार नाही. मला त्याचं ते बोलणं फार आवडलं. अजूनही झोपेत कधी कधी त्याच्या मागाचा खटखट आवाज ऐकू येतो आणि वाटतं, आपण अजून पुऱ्या झालोच नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे उमादेवीचे वडील. त्यांनी मला लेकीच्या लग्नात दिलं. अशी मी जळकोटच्या पलीकडे, मुखेडच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात आले. घर लिंगायत शेतकऱ्याचं होतं, जमीन कोरडवाहू, पण नाव मोठं. उमादेवीचा नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा बसवंत आणि ती, एवढंच घर उरलं. गाव तिला अव्वा म्हणायचं. अव्वा मला फार जपायची. जंगम स्वामी आले, सोयरे आले, तरच मी खाली उतरायचे. एरवी माळवदाखालच्या दांडीवर गुंडाळून पडायचं आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास घेत स्वप्नं बघायची. सुखाचे दिवस होते, पण खरं सांगू का, मला कंटाळा यायचा.

बसवंत मॅट्रिक झाला. अव्वाची एकच इच्छा होती, की आपल्या लेकाला कचेरीत खुर्ची मिळावी. तो नोकरीसाठी नाव नोंदवून आला आणि वाट बघत बसला. वाट बघता बघता त्याच्या लक्षात आलं की सगळं गावच वाट बघत बसलंय. शिकलेली पोरं पारावर बसून होती. मजूर वेशीत बसून होते. सलग दोन वर्षं पाऊस आला आणि पाहुण्यासारखा न बसताच निघून गेला. विहिरींचे तळ दिसू लागले. शेतात काम नाही, म्हणजे कुणालाच काम नाही.

बसवंतला कुठून तरी कळलं होतं की काम मागणं हा भीक मागण्याचा प्रकार नाही. गावातल्या पन्नास माणसांनी मिळून मागितलं तर सरकारनं काम काढायचं, असा कायदाच होता. पण पन्नास माणसं मिळून मागणार कशी? ती मिळून कधी बसलीच नव्हती. मग एके दिवशी अव्वाला न विचारता त्याने मला खांद्यावर टाकलं आणि मारुतीच्या देवळापुढे अंथरलं. अव्वा तोंडाला पदर लावून दारातूनच बघत राहिली.

लोक जमले, पण कसे जमले ते ऐका. जमीनवाले माझ्या मधोमध बसले. दुकानदार शिवप्पा निळ्या भागावर बसला. वेशीबाहेरच्या वस्तीतली माणसं मात्र मला सोडून दूर मातीत बसली. त्यांत तुळजाबाई होती. अंगाने काटक, तोंडाने फटकळ, पण तीही मातीतच. बसवंतने तिला वर बसायला बोलावलं. ती म्हणाली, हितंच बरं हाय. त्याने पुन्हा बोलावलं, ती हलली नाही.

तेव्हा बसवंतने सगळ्यांना उठवलं. माझा लाल काठ दोन्ही हातांनी धरला आणि मला फरफटत तुळजाबाईच्या गुडघ्यापर्यंत आणलं.

"माणूस सरकंना तर सतरंजी सरकवायची," तो म्हणाला.

लोक हसले. तुळजाबाईने हळूच एक मांडी लाल काठावर ठेवली. त्या दिवसापासून ती बसवंतची रीतच होऊन गेली. सभा कुठलीही असो, सगळ्यांत लांब बसलेलं माणूस तो शोधायचा आणि मला तिकडे ओढायचा. माझे धागे त्यानेच झिजवले. काही जमीनवाले तणतणत उठून गेले. काही मात्र बसून राहिले, कारण भूक त्यांनाही लागली होती, फक्त ते सांगत नव्हते.

त्याच सुमारास आमचा जिल्हा फुटला. लातूर हा नवा जिल्हा झाला आणि आम्ही त्यात गेलो. गावात ते दिवस स्वप्नासारखे गेले. नवा जिल्हा म्हणजे नवे रस्ते, नव्या कचेऱ्या आणि नव्या नोकऱ्या. पोरं माझ्यावर आडवी पडून आपापल्या खुर्च्या वाटून घ्यायची. कुणी तलाठी झाला, कुणी मास्तर, एक जण तर थेट एस.टी.चा ड्रायव्हर होऊन हैदराबादपर्यंत जाऊन आला. माणूस माझ्यावर झोपला की त्याचं स्वप्न थोडं माझ्यात झिरपतं. त्या दिवसांत मी इतकी नवी स्वप्नं प्यायले की मला माझं जुनं अंग आठवेना.

जागेपणी मात्र तुळजाबाईच्या घरात वेगळंच चाललं होतं. तिचा नवरा आधीच ऊसतोडीला गेला होता. काम निघालं नाही तर अमावस्येनंतर तीही मुलांना घेऊन जाणार होती. पण तिची सासू चतुराबाई म्हातारी होती, तिला दिसत नव्हतं आणि चालवतही नव्हतं. तिला मागेच ठेवावं लागणार होतं, एकटीला, कोरड्या गावात. दोघी एकाच ताटात जेवायच्या, जेवण असलं तर. तुळजाबाई बसवंतला म्हणाली होती की काम आन, न्हाईतर म्हातारीला मीच मारल्यासारखं हुईल. त्यानंतर बसवंत माझ्यावर झोपायचा, पण त्याला झोप लागायची नाही.

पन्नासाहून जास्त लोकांनी काम मागितलं. तालुक्याहून निरोप आला की साहेब स्वतः येऊन गावाची परिस्थिती बघतील. नेमका त्या दिवशी बसवंत कंधारकडच्या गावांत गेलेला होता. तिकडचे लोकही त्याला बोलवायला लागले होते. साहेब त्याच दिवशी येणार हे त्याला ठाऊक नव्हतं. अव्वाला मात्र सकाळी कळलं.

आता मित्रांनो, आमच्याकडची एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. घरात नसलं तरी पाहुण्याच्या ताटात असायला हवं. पाहुणा उपाशी उठला तर ती घराची मरणाची लाज. अव्वाने मला झटकून अंथरलं, वर पांढरी चादर घातली, तक्क्या ठेवला. गावभर सडे पडले, रांगोळ्या आल्या. माणसांनी पेटीतले धुतलेले फेटे काढले. बायकांनी लग्नातली लुगडी नेसली. तुळजाबाईसुद्धा चापूनचोपून नेसून आली आणि तिने चतुराबाईचे केस तेल लावून विंचरले. ते तेलही उसनं होतं. शिवप्पाच्या घरातून कपबश्या आल्या. कुणाच्या तरी शेळीचं दूध आलं. अव्वाने डब्याच्या तळाची साखर खरवडून चहा केला.

साहेब भला माणूस होता. तक्क्याला टेकून त्याने चहा घेतला, लोकांशी गोड बोलला. जेवणखाण ठीक चाललंय ना, असं त्याने विचारलं. सगळं गाव एका सुरात म्हणालं, "हाव साहेब, तुमच्या कृपेनं समदं ठीक हाय." पाहुण्यासमोर दुसरं काय म्हणतात? साहेब समाधानाने उठला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की साहेब, माझ्या अंगावर जी माणसं बसली आहेत त्यांचं वजन गेल्या वर्षीपेक्षा किती तरी कमी झालंय. पण सतरंजीला कुठला आवाज.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. या गावात टंचाईसारखी परिस्थिती दिसत नाही, सबब काम काढण्याची गरज नाही.

लोक बसवंतच्या दारात आले. माझ्यावर कुणी बसलं नाही, सगळे उभ्यानेच बोलत होते. तुझ्याच घरात तक्क्या लावला, तुझ्याच आईनं चहा पाजला, असं म्हणाले. तुळजाबाई तिथून निघाली. ती घरी जाऊन भांडी पोत्यात भरू लागली. बसवंत आईला एक शब्दही बोलला नाही. ते न बोलणं अव्वाला फार लागलं. रोज संध्याकाळी आमच्या घराच्या धाराड्यातून, माळवदातल्या त्या भोकातून, धूर निघायचा. गावाला वाटायचं, अव्वाची भाकरी चाललीय. मी घरातच असायचे, मला ठाऊक होतं. चुलीवर नुसतं पाणी असायचं. बसवंतला ती सांगायची की मी आधीच खाल्लं, आणि सकाळची राखून ठेवलेली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवायची.

बसवंतने ठरवलं की थेट लातूरला, नव्या जिल्ह्याच्या कचेरीवर जायचं. शिवप्पाचा माल तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जाणार होता, त्याच ट्रकमध्ये लोक चढले. पोतं बाजूला ठेवून तुळजाबाई आली. मी बसवंतच्या खांद्यावर होते. ट्रक सुरू होणार तेवढ्यात अव्वा आली. तिच्या अंगावर दंड घालून जोडलेलं फाटकं लुगडं होतं, जे ती घराबाहेर कधी नेसत नसे. तिला हात देऊन वर घेणारी तुळजाबाईच होती.

लातूरची ती कचेरी मला अजून स्वप्नात दिसते. पाटीचा रंग ताजा होता. व्हरांड्यात नव्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या, त्यांच्या सुतळ्याही सोडलेल्या नव्हत्या. बसवंतने मला त्या व्हरांड्याखाली अंथरलं. माझा लाल काठ बघून पहारेकऱ्याने कुठला पक्ष म्हणून विचारलं. बसवंत म्हणाला, "पक्ष न्हाई, सूत संपलं होतं." त्या तणावातही मला हसू आलं.

दुपार टळल्यावर जिल्ह्याचे साहेब बाहेर आले. पायरीवर उभे राहूनच त्यांनी विचारपूस केली. तालुक्याचा अहवाल त्यांच्या हातात होता. गाव तर सुखी आहे, असं ते म्हणाले. बसवंतने कायदा सांगितला, पावसाचं सांगितलं, विहिरींचं सांगितलं. साहेब अहवालावर बोट ठेवून उभेच. तेव्हा बसवंत वाकला. त्याने लाल काठ धरला आणि मला ओढत ओढत साहेबांच्या बुटांपर्यंत नेलं. पहारेकरी पुढे झाला. साहेबांनी त्याला हाताने थांबवलं, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि बूट काढून माझ्यावर बसले. नवे होते, कदाचित त्यांनाही खुर्चीची सवय झाली नव्हती.

आणि मग अव्वा बोलली. परक्या पुरुषापुढे ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. डोक्यावरचा पदर तिने घट्ट धरला होता.

"साहेब, लिहिनाऱ्याची चूक न्हाई. आमीच त्येला खोटं दाखविलं. पाहुना म्हनून लुगडी नेसलो, पाहुना म्हनून चहा केला. घरातली शेवटची साखर हुती ती. माझ्या चुलीवर रोज नुसतं पानी उकळतंय, गावाला धूर दिसावा म्हनून. ह्या माझ्या लेकाला बी ठावं न्हाई."

बसवंतने मान खाली घातली. त्याचे अश्रू माझ्यावर पडले. एवढ्या वर्षांत माझ्यावर पुष्कळ काही सांडलं, पण ते ओलेपण अजून वाळलेलं नाही असं मला वाटतं. जमीनवाल्या घराची बाई उपाशी असल्याचं चारचौघांत सांगते, हे किती अवघड असतं ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. तुळजाबाई सरकत अव्वाजवळ आली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. मग एकेक जण खरं बोलायला लागला.

साहेबांनी माणूस पाठवला. या वेळी गावाने रांगोळी काढली नाही. अमावस्येच्या आत गावच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं. तुळजाबाईने पोत्यातली भांडी पुन्हा फळीवर मांडली. बसवंतने टिकाव घेतला आणि अव्वाने डोक्यावर टोपलं. मातीचं पहिलं टोपलं टाकल्यावर ती कुणाला तरी म्हणाली की लाज उचलायला जड वाटत होती, माती त्यापरीस हलकी हाय.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुंदर दिवस ते. मला बाभळीखाली अंथरायचे आणि कामावरच्या बायकांची लेकरं माझ्यावर झोपवायचे. त्यांना सांभाळायला चतुराबाई. दिसत नसलं तरी कुठलं लेकरू कुठे रांगत चाललंय ते तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. दुपारी सगळी लेकरं झोपली की तीही झोपायची. लेकरांच्या स्वप्नांत दूध असायचं, म्हातारीच्या स्वप्नात पाणी, आणि त्या स्वप्नात तिला दिसायचं. सगळी स्वप्नं माझ्या धाग्यांतून एकमेकांत जायची. लांबून टिकावांचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, तो नांदेडचा माग चाललाय, आणि मी अजून विणली जातेय.

पुढे बसवंत थांबला नाही. कधी मुखेड, कधी कंधार, कधी नांदेड. जिथे बिनकामाची माणसं होती तिथे आम्ही दोघं. एस.टी.च्या टपावर, सीटखाली, त्याच्या मांडीवर, असा माझा प्रवास झाला. आप्पा, बायकूचं तिकीट काढा, असं कंडक्टर माझ्याकडे बघून बसवंतला चेष्टेने म्हणायचे, कारण त्याने लग्न केलंच नाही. हळूहळू मजुरांबरोबर पदव्या घेतलेली पोरंही माझ्यावर येऊन बसू लागली. काहींना काम मिळालं, पुष्कळांना नाही मिळालं. काही जण मिळाल्यावर ओळख विसरले. बसवंत त्यावर हसायचा आणि म्हणायचा की विसरला म्हणजे कामात आहे, बरं झालं. त्याला स्वतःला खुर्ची काही मिळाली नाही. अव्वा शेवटच्या घटकेला त्याला म्हणाली की नको लेका, तू खालीच बरा दिसतोस.

मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. सभांना मांडव आले, मंच आले. मंचावर मोजक्या खुर्च्या आणि खाली रांगा. खुर्ची कुणाकडे ओढता येत नाही हो, तिच्यावर एकच माणूस मावतो. पोरं बसवंतला म्हणाली की आप्पा, आता खाली कोण बसतंय? मी पुन्हा दांडीवर गेले. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. धूळ बसली. तक्रार नाही, झोप मात्र खूप झाली. अधूनमधून म्हातारा बसवंत मला खाली काढायचा, अंगणात अंथरायचा आणि एकटाच लाल काठावर बसायचा, मोठी जागा रिकामी सोडून.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी तो उठलाच नाही.

त्याच्या लोकांत, लिंगायतांत, माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच बसलेलं मातीत देतात. शिवप्पाच्या मुलांनी मला झटकलं, अंगणात भिंतीला लागून अंथरलं आणि बसवंतला माझ्यावर बसवलं. कपाळावर विभूती, गळ्यात हार. हात मांडीवर. त्याचं वजन मला पाठ होतं. त्या दिवशी ते वजन नेहमीपेक्षा जास्त लागलं.

लोक येत होते. जळकोटहून, मुखेडहून, आणि कुठल्या कुठल्या गावांहून, ज्यांची नावं मीच विसरले होते. पण आदरापोटी माझ्यावर कुणी बसेना. सगळे दूर उभे, आणि मधे एवढी मोठी मी रिकामी, बसवंत एकटा. मला आतून भरून आलं. आयुष्यभर ज्याने कुणाला लांब बसू दिलं नाही, त्याच्यापासूनच सगळे लांब होते.

दारापाशी मातीत तुळजाबाई बसली होती. आता तीही चतुराबाईएवढी म्हातारी झाली होती, काठी टेकून आली होती. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, ती वाट बघत होती. जुनी सवय, दुसरं काय. मग काठी रोवून ती उठली.

"आज सतरंजी वढनारा उठत न्हाई," ती म्हणाली. "आज मलाच सरकाया पाहिजे."

ती आली आणि त्याच्या शेजारी, लाल काठावर मांडी घालून बसली. मग बाकीचे आले. एकेक करत इतके आले की मी पुरेना. कुणी म्हणालं सरका, कुणी म्हणालं थोडं सरका, आणि सगळे सरकत गेले.

मित्रांनो, आता मी पुन्हा दांडीवर आहे. मला धुवा, उन्हात घाला, कडुनिंबाचा पाला ठेवा, हे मी म्हणणार होते, पण ते राहू द्या. जीर्ण वस्त्र किती दिवस टिकणार? एवढंच करा. तुम्ही कुठेही बसलात, शाळेत, गाडीत, लग्नात, की एकदा मागे वळून बघा. कुणी तरी मातीत बसलेलं असेल. ते सरकत नसेल तर त्याच्यावर रागावू नका. काठ धरा आणि ओढा.

मला आता झोप येतेय. लांबून मागाचा आवाज येतोय. वीतभर अजून बाकी आहे म्हणतात.